सोरा इजीनाकडचा ससा

सोरा इजीनाला, म्हणजे तिकडच्या बोलीत इजीनाबाईला, स्वयंपाक येत नव्हता आणि त्याची तिला कधी लाजही वाटली नव्हती. रोमजवळच्या फ्रास्कातीत, चढाच्या गल्लीत, टेकडीच्या पोटात कोरलेलं तिचं तळघर होतं. आत थंडगार अंधारात पांढऱ्या वाइनची चार मोठी पिंपं, बाहेर गल्लीला लागून सहा लांबलचक टेबलं आणि दारावर, इथे वाइन मिळते याची खूण म्हणून टांगलेली हिरवी डहाळी. तिच्याकडे वाइन मिळायची, पेला मिळायचा आणि बसायला बाक मिळायचा. खायचं ज्याचं त्यानं घरून आणायचं. बापाच्या वेळी असंच होतं, आज्याच्या वेळीही असंच.

रविवारी सकाळच्या गाडीनं रोमहून माणसं यायची. हातात पिशव्या, फडक्यात बांधलेले डबे, कागदाची पुडकी. ती टेबलावर सोडली जायची आणि गल्लीभर वास सुटायचा. कुणाचं पोर्केता, म्हणजे मसाला भरून भाजलेलं अख्खं डुक्कर, त्याचे जाड काप. कुणाचे भात भरलेले टोमॅटो, कुणाचं कांद्याचं ऑम्लेट, मे महिन्यात कोवळ्या शेंगा आणि मेंढीच्या दुधाचं खारट चीज. इजीना वाइनचा जग घेऊन टेबलांमधून फिरायची आणि डबा उघडायच्या आधी सांगायची, "आज सासूबाई आल्यात वाटतं तुमच्याकडे. लसूण जास्त पडलाय."

पण घास घ्यायची नाही. तो तिच्या बापाचा, ओरेस्तेचा, दंडक होता. "एकाचा घेतलास की सगळ्यांचा घ्यावा लागेल," तो म्हणायचा, "आणि एखाद्याचा नको म्हटलंस तर तो पुढच्या रविवारी शेजारच्या तळघरात जाऊन बसेल." इजीना सहा वर्षांची असताना आई तापात गेली. बापाला अंडं उकडण्यापलीकडे काही येत नव्हतं. पाव, चीज, ऑलिव्ह आणि उकडलेलं अंडं यांवर पोर वाढली. लग्न झालं तेही नेल्लोशी, जो रेल्वेच्या कँटीनमध्ये स्वयंपाकी होता, त्यामुळे चुलीशी जायची वेळच आली नाही. नेल्लो एकाहत्तर साली वारला. त्या दिवसापासून पुन्हा पाव आणि चीज. मुलगी लोरेदाना शेजारच्या गावात संसार करत होती. ती दर महिन्याला म्हणायची, "मम्मा, एक शेगडी तरी घे." इजीना म्हणायची, "कशाला? दूध तापवायला?"

असं सगळं सुरळीत चाललं होतं, चौऱ्याऐंशी सालच्या मार्चपर्यंत.

मार्चमधल्या एका रविवारी एक जोडपं आलं. माणसाच्या हातात पिवळ्या मुखपृष्ठाचं छोटं पुस्तक, बाईच्या अंगावर भारी कोट. डबा नाही, पिशवी नाही. दोघं ऐटीत बसली.

"बाई, दोन ससे आणा," माणूस म्हणाला.

"दोन काय?"

"ससे. आणि झाकणातच वाढा हं. पुस्तकात लिहिलंय तसं."

इजीनानं जग टेबलावर टेकवला. "इथे ससा मिळत नाही. इथे वाइन मिळते."

"सोरा इजीना तुम्हीच ना?"

"मीच."

"मग झालं तर," बाई म्हणाली, जणू हाच पुरावा.

त्या माणसानं पुस्तक उघडून अठ्ठेचाळीसावं पान तिच्या नाकासमोर धरलं. 'रोमभोवतालची शंभर जेवणं' असं त्या पुस्तकाचं नाव होतं आणि त्यात खरोखरच तिच्या गल्लीचा पत्ता होता. "बाहेरून काही दिसत नाही, पण इथला ससा खाण्यासाठी हा चढ चढावाच. टोमॅटोचा मागमूस नाही. रोझमेरी, व्हिनेगर, काळे ऑलिव्ह आणि रश्शात विरघळून गेलेला खारवलेला मासा. इथे तो डब्याच्या झाकणात वाढतात. सोबत घरची पांढरी वाइन, जिच्या शेवटच्या घोटात कडू बदामाची चव रेंगाळते. आणि हे सगळं अवघ्या पंधराशे लिरांत!"

"पंधराशे लिरांत अर्धा लिटर वाइन येते," इजीना म्हणाली. "ससा कुठून येणार?"

"तेच तर आम्ही म्हणतोय," माणूस म्हणाला. "फारच स्वस्त आहे."

ती दोघं तासभर उपाशी बसून राहिली. त्यांना वाटत होतं, म्हातारी ओळखीच्यांनाच वाढते, आपण जरा गोड बोललो तर आपल्यालाही देईल.

पुढच्या रविवारी सात जणं आली. त्याच्या पुढच्या रविवारी वीस. एप्रिलमध्ये तर मिलानहून एक जण नुसता सशासाठी आला, आणि नाही म्हटल्यावर त्यानं विचारलं, "मग शिल्लक रस्सा तरी?" इजीना दिवसभर एकच वाक्य बोलू लागली. "इथे ससा नाही." सकाळी ती हे वाक्य माणसासारखं बोलायची, दुपारी तीनच्या पुढे नुसती भुंकायची.

शेवटी तिनं पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत 'ससा नाही' असं लिहून दाराला लावलं. त्याचा परिणाम असा झाला की लोकांना वाटलं, आजचा संपला. मग ते पुढच्या रविवारी दोन तास आधी येऊ लागले.

"सोरा इजीना, लवकर आलोय बघा आज," सकाळी नऊला दारात उभे राहून ते कौतुकानं सांगायचे.

गावानं तर तिला जगणं मुश्कील केलं. पावाच्या दुकानात गेली की पाववाला विचारायचा, "आज किती कापले?" चर्चच्या पायरीवर पाद्री म्हणाला, "इजीना, सगळ्या रोमला जेवायला घालतेस, आम्हाला एकदा तरी बोलव." एक ससेवाला चक्क टेम्पो घेऊन आला आणि आठवड्याला तीस नग देतो म्हणाला. आणि मे महिन्यात आरोग्य खात्याचा निरीक्षक आला. परवाना नसताना शिजवलेलं मांस विकता अशी तक्रार आहे म्हणाला. त्यानं पिंपांच्या मागे पाहिलं, वरच्या खोलीत पाहिलं, पलंगाखाली पाहिलं.

"स्वयंपाकघर कुठे आहे?"

"नाही."

"असं कसं होईल? प्रत्येक घरात स्वयंपाकघर असतं."

"या घरात नाही. ते कोपऱ्यात चीज आहे, ही सुरी आहे. हवं तर अटक करा."

निरीक्षक भला माणूस होता. कागदावर 'काही आढळले नाही' असं लिहून त्यानं सही केली, आणि निघताना हळूच विचारलं, "आमच्या हिच्यासाठी थोडा बांधून मिळेल का?"

इजीनानं पुस्तकाच्या कचेरीत फोन लावला. पलीकडे एक मुलगी होती, तिचा आवाज मधासारखा.

"चूक असेल तर पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू, सिन्योरा."

"पुढची आवृत्ती कधी?"

"दोन वर्षांनी."

"दोन वर्षांत मी मरेन!"

"तसं झालं तर कळवा, सिन्योरा. बंद झालेल्या जागा आम्ही लगेच वगळतो."

लोरेदानाला मात्र यात काही वाईट दिसत नव्हतं. "मम्मा, लोक दारात उभे राहून मागतायत आणि तू त्यांच्यावर ओरडतेस. मी करून आणते घरून. एक रविवार बघू तर खरं."

"परवाना?"

"पाहुण्यांना वाढतेय म्हणायचं."

जूनच्या दुसऱ्या रविवारी लोरेदाना दोन मोठी पातेली घेऊन आली. चांगला घट्ट, लालभडक रस्सा होता. तिच्या सासरची पद्धत. पहिल्याच टेबलावरच्या माणसानं घास घेतला, पुस्तक उघडलं, पुन्हा घास घेतला आणि मान हलवली. "यात टोमॅटो आहे."

"आहे की," लोरेदाना म्हणाली.

"पुस्तकात नाही."

दुसऱ्या टेबलावरच्या बाईनं विचारलं की झाकण कुठे आहे. तिसऱ्यानं मोठ्यानं जाहीर केलं की प्रसिद्धी मिळाली की जागा बिघडतेच, हे तो आधीपासून सांगत होता. लोरेदाना रडकुंडीला आली. एवढ्या मेहनतीनं केलेला ससा तिनं घरी नेला आणि नवऱ्याला सलग चार दिवस खायला घातला. आईला म्हणाली, "ही माणसं आहेत का कोण आहेत?" त्या एका दिवशी मायलेकींचं एकमत झालं.

या सगळ्या गोंधळात नेहमीची गिऱ्हाइकं कोपऱ्यात ढकलली गेली होती. त्यांत एक होता सोर आत्तिलियो. रोममध्ये रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला, सत्तरीचा, बुटका, पांढऱ्या मिशांचा, अबोल माणूस. गेली एकवीस वर्षं दर रविवारी दारापासूनच्या तिसऱ्या टेबलावर बसायचा. आधी बायकोबरोबर, ती गेल्यावर एकटा. त्याचा इजीनाला कधी त्रास नव्हता. उलट, लोक सशावरून हुज्जत घालायला लागले की तो मान खाली घालून पावाचा तुकडा मोडत बसायचा, जणू त्या लोकांची लाज त्यालाच वाटतेय. इजीनाला वाटायचं, सभ्य माणूस म्हणजे असा.

ऑक्टोबरच्या शेवटी, द्राक्षतोड संपल्यावर, इजीनानं चांगला काळा झगा घातला आणि रोमला गेली. पुस्तकाची कचेरी चौथ्या मजल्यावर होती, लिफ्ट बंद होती. चढता चढता तिनं बोलायची वाक्यं जुळवली आणि वर पोचेपर्यंत त्यांतली निम्मी दमात गेली. आत एक किडकिडीत, चष्मेवाला माणूस बसला होता. दारावर नाव होतं 'दोत्तोरे बाल्दाच्ची', म्हणजे पदवीवाला शिकलेला माणूस. ते पान यानंच लिहिलेलं.

"दोत्तोरे," ती म्हणाली, "तुम्ही माझ्याकडे ससा खाल्ला नाहीत. माझ्याकडे ससा नाही. कधीच नव्हता. तुम्ही कुठल्या तरी दुसऱ्या गल्लीत खाल्लात, आणि खूप प्यायला होतात."

बाल्दाच्चीला ते लागलं. त्यानं कपाटातून एक वही काढली. "सिन्योरा, मी न खाल्लेलं लिहीत नाही. हे बघा. दोन ऑक्टोबर, रविवार. दारापासून तिसरं टेबल. मी एकटाच होतो. वाइन सांगितली. खायला काय आहे ते विचारायला मान वर केली तेवढ्यात वेटरनं ससा समोर ठेवला."

"वेटर? माझ्याकडे वेटर नाही!"

"होता. माझ्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाशी बसला होता, बहुधा जेवणाची सुट्टी असावी. 'घ्या, निवायच्या आत,' म्हणाला. फार अगत्यशील माणूस. निळ्या इनॅमलच्या डब्यातून वाढलं त्यानं. झाकणाची मूठ गेलेली होती आणि तिच्या जागी बाटलीचं बूच स्क्रूनं बसवलेलं. मला फार आवडलं ते, म्हणून लिहून ठेवलं. नंतर तुम्ही वाइनचे तेवढे पैसे घेतलेत. मला वाटलं, ससा त्यातच."

इजीना खुर्चीवर बसली. झाकणाला बूच असलेला निळा डबा साऱ्या रोममध्ये एकच होता. ते बूच तिनं स्वतः दिलं होतं.

"आणि मिशा पांढऱ्या?" तिनं विचारलं.

"पांढऱ्या."

"वेटर!" इजीना म्हणाली, आणि ते कौतुक होतं की शिवी, हे बाल्दाच्चीला कळलं नाही.

परतीच्या गाडीत तिचं डोकं तापत गेलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आत्तिलियो ससा आणायचा, वर्षानुवर्षं. आणि एप्रिलपासून? एप्रिलपासून तो पाव आणि सॉसेजचे काप घेऊन येत होता. म्हणजे त्याला माहीत होतं. आठ महिने ती घसा फोडून ओरडत होती, निरीक्षक तिच्या पलंगाखाली वाकला होता, आणि हा माणूस पाच हातांवर बसून पावाचे तुकडे मोडत होता!

रविवारी तो आला, टोपी काढली, "सोरा इजीना, नमस्कार," म्हणाला आणि आपल्या जागी बसला. तिनं जग आणला नाही. दोन्ही हात टेबलावर टेकवून उभी राहिली.

"निळा डबा कुठे आहे, सोर आत्तिलियो?"

त्यानं टोपी उचलून पुन्हा टेबलावर ठेवली.

"मी विचारतेय, झाकणाला बूच असलेला डबा कुठे आहे?"

"घरी," तो म्हणाला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"तुला माहीत होतं!" रागात ती एकेरीवर आली. "तुला माहीत होतं आणि तू बसून राहिलास! माझा घसा बसला. माझ्या पोरीला त्या मेल्यांनी रडवलं. पाद्री मला टोमणे मारतो! एकदा तोंड उघडून म्हणाला असतास, 'सोरा, तो ससा माझा,' तर जीभ झडली असती?"

"मी सांगणार होतो," आत्तिलियो म्हणाला. "पहिल्याच दिवशी सांगणार होतो. पण तुम्ही इतक्या चिडल्या होतात. मग दुसऱ्या रविवारी अजून चिडल्या होतात. मग इतके दिवस का नाही सांगितलं, हेही सांगावं लागलं असतं."

"आणि त्याला वाढलास कशाला?"

"एकटा बसला होता. समोर नुसती वाइन. बरं नाही वाटलं."

मग त्यानं खिशातून पाकीट काढलं. पाकिटात चार घड्या घातलेलं एक पान होतं, घड्यांवर फाटत आलेलं. अठ्ठेचाळीसावं.

"हा ससा माझा नाही, एल्व्हिराचा आहे," तो म्हणाला. "शेवटच्या वर्षी तिला उठवत नव्हतं. ती पलंगावरून सांगायची आणि मी पलीकडे चुलीशी करायचो. तीनदा करपवला. चौथ्यांदा म्हणाली, आता खाण्यासारखा झाला. जन्मात तिचं नाव कुठे छापून आलं नाही, एक तिच्या मयताचा भिंतीवर लागलेला कागद सोडला तर. इथे तिचं नाव नाहीच, तुमचं आहे. पण बाकी सगळं तिचं आहे. टोमॅटो नाही, मासा विरघळलेला. मला वाटलं, राहू द्यावं."

इजीनाला आणखी बरंच बोलायचं होतं. आठ महिन्यांचं साचलेलं होतं, ते असं मध्येच अडवल्यानं तिला उलट जास्तच राग आला. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी हाक मारली, "बाई, ससा मिळेल का?"

"थांबा जरा!" ती त्याच्यावर खेकसली. मग आत्तिलियोकडे वळली. "पुढच्या रविवारी डबा घेऊन या. मला बघायचंय, एवढं आहे तरी काय त्यात."

त्यानं आणला. फडकं सोडलं, झाकण उघडलं आणि झाकणातच तिच्यासाठी दोन तुकडे आणि रस्सा वाढला. बापाचा दंडक मोडायला इजीनाला त्रेसष्ट वर्षं लागली, आणि तीसुद्धा कपाळाला आठ्या घालून. तिनं आधी रश्शात पाव बुडवला. आंबट, खारट, मागून रोझमेरीचा कडसरपणा. मासा कुठे दिसत नव्हता पण होता. वर तिनं आपल्या वाइनचा घोट घेतला, रोज घ्यायची तोच, त्याच पिंपातला. आणि ती थांबली. पुन्हा एक घास, पुन्हा एक घोट. जन्मभर पावाबरोबर साधीसुधी लागलेली ती वाइन या रश्शावर कुणीतरी मापून ओतल्यासारखी बसत होती.

"व्हिनेगर कुठलं घालता?" तिनं विचारलं.

"तुमचंच."

"मी व्हिनेगर विकत नाही."

"घरी नेलेली बाटली एल्व्हिरा कधी संपवायची नाही. उरलेली आंबू द्यायची, मुद्दाम. मीही तसंच करतो."

"माझी वाइन? मुद्दाम आंबवता?"

"एकवीस वर्षं," आत्तिलियो म्हणाला.

इजीनानं कपाळावर हात मारला. पण झाकणातला रस्सा तिनं पावानं पुसून शेवटपर्यंत खाल्ला. त्या अर्ध्या तासात गल्लीत गिऱ्हाइकं जग वाजवत होती आणि ती उठली नाही. "पिंप तिथे आहे, ओतून घ्या," म्हणाली.

इजीनानं फोन करून सगळी हकीकत सांगितली आणि बाल्दाच्चीनं ती मनावर घेतली. नाताळाच्या आधी पुस्तकात चिकटवायची एक चिठ्ठी त्यानं छापली. या तळघरात खायला काहीही मिळत नाही, तो ससा एल्व्हिरा नावाच्या एका दिवंगत बाईंच्या कृतीचा होता, आणि तो त्यांच्या नवऱ्यानं अनोळखी माणसाला आपणहून वाढला होता. ती चिठ्ठी आत्तिलियोनं दुसऱ्या पाकिटात ठेवली. पहिलं फाटलं होतं. जानेवारीपासून सशाचे लोक कमी झाले, मार्चपर्यंत जवळजवळ बंद. इजीनाचा घसाही सुधारला.

वसंतात एका रविवारी बाल्दाच्ची स्वतः आला. बरोबर त्याची आई, काठी टेकत, आणि या वेळी हातात घरची पिशवी. शिकलेला माणूस एकदाचा शिकला, असं म्हणून इजीनानं त्यांना सावलीतलं टेबल दिलं आणि नव्या वाइनचा जग भरून आणला. आईनं पिशवीतून पुडकं काढून सोडलं. आत तळलेले आर्टिचोक होते, त्या काटेरी भाजीच्या कळ्या, चांगल्या डझनभर.

"हे?" इजीना म्हणाली. "वाइनबरोबर हे?"

"आईनं केलेत," बाल्दाच्ची पुटपुटला.

"दोत्तोरे, यानं तोंडाची सगळी चव जाते. वाइन पत्रा चाटल्यासारखी लागते! सबंध इटलीला काय कशाबरोबर खावं ते शिकवता तुम्ही, आणि घरात एवढं नाही माहीत?"

"मी सांगितलं होतं तिला."

"काय सांगितलं होतंस?" आई ठणकावून म्हणाली. "साठ वर्षं खातेय मी."

इजीनानं मान हलवली, भरलेला जग टेबलावरून उचलला, आत गेली आणि पाण्याचा जग आणून ठेवला. हे संपवा, चूळ भरा, मग वाइन देते, असं तिनं स्वच्छ सांगितलं. बाल्दाच्ची मुकाट्यानं पाणी पिऊ लागला. म्हातारीनं मात्र शेजारच्या टेबलाकडे हात लांब केला, आत्तिलियोचा भरलेला पेला उचलला आणि एका घोटात अर्धा केला.